‘फळ’ : एका फसव्या शब्दाचा विचार

ब्रह्मविद्येच्या अभ्यासात साधक कठीण शब्दांपाशी जितका अडतो, त्याहून अधिक तो सोप्या शब्दांपाशी अडतो. ‘असन्निधान’, ‘अन्यव्यावृत्ती’, ‘निर्वचन’ असे शब्द आले की अभ्यासक थांबतो, वडीलधाऱ्या अधिकरणांना विचारतो, टीका पाहतो. पण ‘फळ’ हा शब्द आला की तो थांबत नाही. फळ कोणाला ठाऊक नाही? झाडाला येते ते फळ. पेरणाऱ्याला मिळते ते फळ. अशा खात्रीने वाचक पुढे जातो, आणि शास्त्राने त्या शब्दात घातलेला अर्थ मागेच राहून जातो.

ही चूक केवळ शब्दार्थाची असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु या एका शब्दावर जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा परस्परसंबंध पुष्कळसा अवलंबून आहे. देवता काय देतात, कर्म काय देते आणि परमेश्वर काय देतात, हे तिन्ही प्रश्न बोलताना ‘फळ’ या एकाच शब्दात विचारले जातात. शब्द एक म्हणून वस्तूही एकच, असे मन धरून बसते. तेथून नामस्मरणाचा हिशेब सुरू होतो, दानधर्माची तुलना सुरू होते आणि अनन्य भक्तीत नकळत व्यवहार शिरतो. म्हणून या शब्दाचे मूळ, त्याचा प्रवास आणि शास्त्रातील त्याचे स्थान क्रमाने पाहणे अगत्याचे आहे.

१. शब्दाचे मूळ

संस्कृत ‘फल’ शब्दाची व्युत्पत्ती वरवर दिसते तितकी सरळ नाही. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात ‘फल्’ या रूपाचे दोन निरनिराळे धातू सांगितले आहेत. एकाचा अर्थ निष्पत्ती, म्हणजे सिद्ध होणे, परिणामास येणे. दुसऱ्याचा अर्थ विशरण, म्हणजे फुटणे, उकलणे, विदीर्ण होणे. झाडाचे फळ यांपैकी कोणत्या धातूचे? पहिला घेतला तर फुलाची परिणती ते फळ. दुसरा घेतला तर पिकून तडकते, शेंगेसारखे उकलते ते फळ. दोन्ही अर्थ झाडाला शोभतात, आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

विशरणाच्या अर्थाला बळकटी देणारे काही शब्द आहेत. नांगराचा ‘फाळ’ जमीन फोडतो. तो संस्कृत ‘फाल’ होय. बाणाच्या वा शस्त्राच्या पात्यालाही संस्कृतात ‘फल’ म्हणतात, आणि पाते चिरण्यासाठीच असते. लाकूड चिरून काढलेली ती ‘फळी’, संस्कृत ‘फलक’. तिलाही पुष्कळ जण याच कुळात बसवतात. या शब्दांच्या सोबतीने पाहिले तर फळ शब्दात गोडव्यापेक्षा फुटणेच अधिक दिसते.

याखेरीज तिसरा पक्ष आहे. द्राविडी भाषांत पिकण्याचा अर्थ असलेल्या धातूपासून फळाची नावे झाली आहेत. तमिळ आणि मल्याळममध्ये ‘पळम्’, तेलुगूत ‘पंडु’, कन्नडात ‘हण्णु’ ही ती नावे. संस्कृत ‘फल’ शब्द याच कुळातून आला असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञांनी मांडले आहे. मराठी माणसाला हा पक्ष ऐकताच पटतो, कारण आपल्या ‘फळ’ शब्दातला ‘ळ’ दक्षिणेकडचा वाटतो. पण हा पुरावा होऊ शकत नाही. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत नियमाने ‘ळ’ होतो. काल–काळ, कुल–कुळ, बल–बळ, तशीच फल–फळ ही जोडी. तेव्हा मराठीतला ‘ळ’ मराठीच्याच नियमाने आलेला आहे. मूळ शब्द कोठला, हे त्यावरून ठरत नाही.

इंग्रजीतील ‘फ्रूट’ शब्दाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तो लॅटिन ‘फ्रुक्टुस’पासून आला, आणि त्या शब्दाच्या मुळाशी उपभोग घेणे हा अर्थ आहे. म्हणजे तिकडे भोगायचे ते फळ. इकडे परिणामास आलेले, पिकलेले अथवा फुटलेले ते फळ. वस्तू एकच, परंतु तिला नाव देताना निरनिराळ्या समाजांची दृष्टी निरनिराळ्या अंगावर पडली.

२. कानाची फसगत

केवळ ध्वनीवरून अर्थ ठरवणे किती धोक्याचे असते, हे याच शब्दाच्या शेजारपाजारच्या मराठी शब्दांवरून कळते. ‘पोफळ’ आणि ‘जायफळ’ यांत फळ आहे हे खरे. पहिला ‘पूगफल’पासून झाला, दुसरा ‘जातीफल’पासून. ‘फराळ’ हा शब्द ‘फलाहार’पासून आला, पण आज फराळाच्या ताटात फळ असेलच असे नाही. मूळ शब्दात फळ होते, वस्तूतून ते निघून गेले.

याच्या उलट, ‘फलाणा’ या शब्दाचा फळाशी काहीही संबंध नाही. अमुक एक, कोणी एक, या अर्थाचा अरबी ‘फुलान’ शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘फलाणा’ झाला. आगगाडीचा ‘फलाट’ हा इंग्रजी ‘प्लॅटफॉर्म’चा मराठी अवतार; त्यात ना फळ, ना फळी. हे शब्द कोणाला शिकवलेले नसले तर तो त्यांचे मूळ फळातच शोधील आणि काहीतरी ओढूनताणून जुळवीलही.

यावरून अभ्यासकाने एक नियम लक्षात ठेवावा. व्युत्पत्ती ही शब्दाची जन्मकथा आहे, अर्थाचा निर्णय नव्हे. शब्द कोठून आला हे पाहिल्याने जिज्ञासा जागी होते. पण तो एखाद्या वचनात काय सांगतो, हे त्या वचनाच्या प्रसंगावरून आणि त्या वक्त्याच्या इतर प्रयोगांवरूनच ठरते. पंथीय वाङ्मयात ‘प्रकरणवशा’ला एवढे महत्त्व दिले आहे ते याचसाठी. कोणते सूत्र कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे सांभाळून ठेवणाऱ्या पूर्वाचार्यांना सुटा शब्द किती फसवा असतो याची पुरती जाणीव होती.

३. झाडावरून वाणीवर, वाणीवरून कर्मावर

ऋग्वेदात ‘फल’ शब्द प्रायः झाडाच्या फळासाठीच येतो. तिसऱ्या मंडलातील एका ऋचेत (३.४५.४) आकडीने झाड हलवून पिकले फळ पाडावे तसे धन आमच्यासाठी पाड, अशी इंद्राची प्रार्थना आहे. येथे फळ हे खरेखुरे फळ आहे. पण त्याच्या शेजारी लगेच धनाची इच्छा उभी आहे. देवतेपाशी फळाच्या उपमेने मागणे किती जुने, हे यावरून दिसते.

दहाव्या मंडलातील वाणीविषयीच्या सूक्तात (१०.७१.५) आणखी एक पाऊल पुढे पडलेले दिसते. जो अर्थ न जाणता केवळ शब्द ऐकतो, त्याने फळ नसलेली आणि फूल नसलेली वाणी ऐकली, असा त्या ऋचेचा आशय आहे. यास्काने निरुक्तात त्याचा उलगडा करताना अर्थ हेच वाणीचे फूल व फळ, असे म्हटले आहे. म्हणजे झाडाचा शब्द येथे वाणीला लागला. पुढे तोच यज्ञाला लागला, दानाला लागला, तपाला लागला, आणि अखेर ‘कर्मफल’ हा जोडशब्द इतका रुळला की त्यात एके काळी झाडाची उपमा होती, हेच लोक विसरले.

मराठी बोलीने या शब्दाला आणखी एक छटा दिली. ‘आपल्या कर्माची फळे’ असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याच्या मनात दुःखच येते. ‘फळ भोगणे’ हा प्रयोग सुखासाठी क्वचितच होतो. उलट ‘फळास येणे’, ‘सफळ होणे’ हे प्रयोग आनंदाचे. एकाच शब्दाच्या एका अंगाला गोडी आणि दुसऱ्या अंगाला शिक्षा, अशी ही मराठीची जाण आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपण मराठीतून केले. पुढे केसोबासादी विद्वान संस्कृतातून प्रश्न करू लागले, तेव्हा स्वामींनी आपणास मराठीतच निरूपिले आहे, म्हणून मराठीतच विचारावे, अशा आशयाचे उत्तर श्रीनागदेवाचार्यांनी दिल्याचे ‘स्मृतिस्थळा’त आहे. तेव्हा सूत्रांतील शब्द वाचताना संस्कृत कोशाइतकेच लोकांच्या जिभेवरचे मराठीही अभ्यासकाच्या कानात असले पाहिजे.

४. दृष्टांत उरला, दार्ष्टांतिक हरपला

केसोबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत, आणि प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी आहे. सूत्र आणि दृष्टांत श्रीचक्रधरस्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. या तिसऱ्या अंगाचे काम फार मोलाचे आहे. दृष्टांतातील किती भाग घ्यायचा आणि किती सोडायचा, हे दार्ष्टांतिक सांगते. ते नसते तर ऐकणाऱ्याने गोष्टीतला नको तो भाग उचलला असता.

‘कर्माचे फळ’ हाही एक दृष्टांतच आहे. फरक इतकाच की तो दृष्टांत आहे हे आता कोणाला जाणवत नाही. दृष्टांत उरला आणि दार्ष्टांतिक हरपले, अशी या शब्दाची अवस्था आहे. झाडाच्या फळातील कोणता अंश कर्माला लागू आहे आणि कोणता नाही, हे वेगळे केले म्हणजे शब्दाची फसवणूक थांबते.

लागू असलेले अंश प्रथम पाहावेत. फळाला बीज लागते, तसे भोगाला कर्म लागते. फळाला काळ लागतो. आज पेरले म्हणून उद्या पाड लागत नाही. कर्माचा भोगही आपल्या काळानेच येतो. फळ कायमचे देठाला राहत नाही. पिकले की गळते. देवतेच्या स्थानी गेलेल्या जीवाचा भोगही सरतो आणि तो पुन्हा संसरणात पडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फळाच्या पोटात पुन्हा बीज असते. भोग भोगताना जीवाच्या ठायी जी वासना उठते ती पुढच्या कर्माचे बीज होते, आणि त्या बीजातून पुन्हा झाड उभे राहते. संसरणाची अखंडता समजावून सांगायला याहून नेमका दृष्टांत सापडणे कठीण.

आता लागू नसलेले अंश. पहिला म्हणजे आपोआप पिकणे. झाडावरचे फळ कोणी न देता पिकते, म्हणून कर्मही आपोआप फळते, असे मन धरते. शास्त्राचा सिद्धांत तसा नाही. कर्म जड आहे. जडाला कोणाला काय द्यावे याची जाण नसते. कर्माचा भोग जीवाला पोचवणाऱ्या देवता आहेत, आणि त्यांचे सामर्थ्यही स्वतंत्र नाही. म्हणून फळाच्या मागे फळ देणारा आहे, हे या दृष्टांतात दिसत नाही. ते शास्त्रातून घ्यावे लागते.

दुसरा अंश गोडीचा. फळ म्हटले की जिभेला पाणी सुटते. नरकही कर्माचे फळच आहे, हे ऐकताना मन अडखळते ते या गोडीमुळे.

तिसरा अंश मालकीचा. ज्याने झाड लावले त्याचे फळ, हा व्यवहारातला न्याय. त्याच न्यायाने मी स्मरण केले तर मला अमुक मिळालेच पाहिजे, असा हक्क मन सांगू लागते. देवतांच्या बाबतीत हा हक्क काही मर्यादेत चालतो, कारण तेथे देवाणघेवाणच आहे. परमेश्वराच्या ठायी तो चालत नाही. परमेश्वराची कृपा निर्हेतुक आहे. ती मजुरी नव्हे.

५. श्रीमद्भगवद्गीतेतील प्रयोग

पंचकृष्णांपैकी भगवान श्रीकृष्ण चक्रवर्तींनी अर्जुनाला केलेल्या उपदेशात ‘फल’ शब्द पुनःपुन्हा येतो. त्या सर्व स्थळांची एकत्र पाहणी केली असता जे चित्र दिसते ते मननीय आहे.

दुसऱ्या अध्यायात प्रथमच हा शब्द येतो तो इशारा म्हणून. वेदवादात रमलेल्यांची वाणी फुललेली असते, असे बेचाळिसाव्या श्लोकात सांगून पुढच्याच श्लोकात ती वाणी जन्मरूप कर्मफळ देणारी आहे, असे म्हटले आहे. आधी फूल, मग फळ; परंतु ते फळ म्हणजे पुन्हा जन्म! झाडाचा दृष्टांत येथे किती बारकाईने वापरला आहे हे पाहण्याजोगे आहे. त्यानंतर कर्मावर अधिकार, फळावर नाही (२.४७); फळाच्या हेतूने कर्म करणारे दीन (२.४९), फळाला चिकटणारा बांधला जातो (५.१२), फळाचा आश्रय न करता कर्तव्य करणारा तोच संन्यासी (६.१), आणि त्याग न करणाऱ्यास अनिष्ट, इष्ट व मिश्र असे तीन प्रकारचे फळ (१८.१२), अशी ही मालिका शेवटच्या अध्यायापर्यंत चालते.

या सर्व स्थळांत फळ म्हणजे परिणाम. खऱ्या, झाडाला लागणाऱ्या फळाचा उल्लेख संपूर्ण गीतेत एकाच ठिकाणी आहे. तो नवव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात. पान, फूल, फळ, पाणी यांपैकी जे कोणी भक्तीने अर्पण करतो ते आपण स्वीकारतो, असे तेथे भगवंतांचे वचन आहे. आणि त्यानंतर अवघ्या दोन श्लोकांनी, अठ्ठाविसाव्या श्लोकात, असे अर्पण करणारा शुभ व अशुभ फळांच्या कर्मबंधनातून सुटेल, असे आश्वासन आहे. दोन श्लोकांच्या अंतराने तोच शब्द दोन अर्थांनी आला आहे. एक फळ हातात धरून देवाला द्यायचे आहे. दुसऱ्या फळातून सुटायचे आहे. जो पहिले देताना दुसरे मागतो, त्याला हा उपदेश समजला नाही.

सातव्या अध्यायातील तेविसाव्या श्लोकाची रचनाही अशीच विचार करण्याजोगी आहे. अल्पबुद्धीच्या उपासकांचे फळ अंतवंत असते, असे तेथे प्रथम सांगितले आहे. देवतांचे यजन करणारे देवतांकडे जातात, आणि माझे भक्त माझ्याकडे येतात, असा त्या श्लोकाचा शेवट आहे. देवतांच्या उपासनेला ‘फळ’ हा शब्द लावला. आपल्या भक्तांसाठी तो लावला नाही. तेथे फळ नाही, तेथे प्रत्यक्ष परमेश्वराकडे येणेच आहे. आठव्या अध्यायाच्या शेवटी (८.२८) वेद, यज्ञ, तप व दान यांचे जे पुण्यफळ सांगितले आहे ते सर्व ओलांडून योगी आद्य परम स्थानाला जातो, असे म्हटले आहे. तेथेही फळ ओलांडायचे आणि स्थान गाठायचे, अशी शब्दांची विभागणी आहे. दुसऱ्या अध्यायात (२.५१) फळ टाकायचे आणि पद मिळवायचे, हाच भेद आहे.

याला एक अपवाद दिसतो. पाचव्या अध्यायाच्या चौथ्या श्लोकात सांख्य आणि योग यांपैकी एकाचाही नीट अवलंब करणाऱ्याला दोहोंचे फळ मिळते, असे म्हटले आहे. येथे फळ शब्द परम कल्याणाला लागलेला आहे. परंतु लगेच पुढच्या श्लोकात तीच गोष्ट पुन्हा सांगताना ‘स्थान’ हा शब्द योजला आहे. लोकांच्या तोंडचा शब्द घ्यायचा आणि पाठोपाठ नेमका शब्द द्यायचा, अशी ही उपदेशाची रीत आहे.

६. मोक्ष हे फळ आहे काय?

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येते. जीवाच्या गतीचा विचार करताना नरक, स्वर्गादी देवताफळे, कर्मभूमी आणि मोक्ष अशी गणना केली जाते, आणि बोलताना या चारही गोष्टींना ‘फळ’ म्हणण्याची रूढी आहे. जिज्ञासू वासनिकाच्या मनात साहजिकच शंका येते. जे फळते ते गळते, हा जर नियम असेल, तर मोक्षही गळेल काय? आणि मोक्ष जर गळणारा नसेल, तर त्याला त्याच ओळीत बसवून फळ का म्हणावे?

शंका रास्त आहे आणि तिचे समाधान पदार्थविचारातूनच होते. देवता नित्यबद्ध आहेत. ज्याच्यापाशी जे आहे तेच तो देऊ शकतो. नित्यबद्ध देवतेपाशी मुक्ती नाही. म्हणून कर्मभूमीच्या देवतांपासून थेट मायेपर्यंत कोणतीही देवता आपले फळ देईल, पण मोक्ष देऊ शकणार नाही. तिचे फळ कितीही दीर्घ काळाचे आणि कितीही सुखाचे असले तरी त्याला सीमा आहे. परमेश्वर एकटाच नित्यमुक्त आहे, म्हणून मुक्ती देण्याचे सामर्थ्य त्याच्याच ठायी. जीव बद्धमुक्त, तो अनादी अविद्येने बद्ध आहे, पण मुक्त होण्यास योग्य आहे. परमेश्वर अवतार धारण करून ज्ञान अथवा प्रेम देतो, जीव अनुसरतो, आणि त्याच्या ठायीची अविद्या जाते.

येथे काही नवे निर्माण झाले नाही. झाडावर जे नव्हते ते आले, तर ते फळ. पण मोक्षात जीवावर काही नवे उगवत नाही. अविद्येचे आच्छादन फुटते आणि परमेश्वराचा आनंद जीवाला लाभतो. उगवलेले गळते, पण फुटलेले बंधन पुन्हा सांधत नाही. आणि बीज? देवताफळाच्या पोटी वासनेचे बीज असते, मोक्षाच्या पोटी कोणतेही बीज नसते. म्हणून तेथून संसरण नाही.

या ठिकाणी धातुपाठातील ते दोन अर्थ आठवल्यावाचून राहत नाहीत. नरक, देवताफळे व कर्मभूमी यांना निष्पत्तीच्या अर्थाने फळ म्हणावे, कारण ती कर्माची परिणती आहेत. मोक्षाला फळ म्हणायचेच झाले, तर ते विशरणाच्या अर्थाने, बंधन विदीर्ण होण्याच्या अर्थाने म्हणावे. अर्थात हा अर्थ शब्दाच्या जन्मकथेतून सिद्ध होतो असे समजू नये. सिद्धांत शास्त्राचा आहे. व्युत्पत्ती त्याला स्मरणासाठी आधार देते एवढेच. हाच क्रम उलटा केला, आणि व्युत्पत्तीवरून सिद्धांत काढू लागले, तर ‘फलाणा’त फळ शोधणाऱ्याची गत होईल.

७. आचरणातील विवेक

शब्दाचा हा विवेक आचरणात उतरला तरच त्याचा उपयोग. स्मरण करताना, स्थानवंदन करताना, प्रसाद नमस्कारताना, भिक्षुकांना अन्नवस्त्र देताना मनात जो प्रश्न येतो तो पुष्कळदा ‘याचे फळ काय?’ असा असतो. प्रश्न विचारणे गैर नव्हे. महदाइसांसारख्या थोर साधिकेने स्वामींना केलेल्या प्रश्नांनी पंथाचे ज्ञान समृद्ध झाले आहे. पण प्रश्न जाणण्यासाठी आहे की सौदा ठरवण्यासाठी, हे ज्याचे त्याने तपासावे.

घरात आजारपण येते, पीक बुडते, मुलाबाळांची चिंता लागते. अशा वेळी शेजारचा कोणी अमुक देवतेच्या व्रताने तमुक फळ मिळाल्याचे सांगतो आणि वासनिकाचे मन डळमळते. त्या क्षणी त्याला कोणी शास्त्राचा मोठा ग्रंथ वाचून दाखवू शकत नाही. पण एवढे त्याला आठवावे की मिळाल्याचे जे सांगितले जाते ते खोटेच असले पाहिजे असे नाही; देवतांपाशी फळ देण्याचे सामर्थ्य आहेच, हे शास्त्रही मान्य करते. प्रश्न फळ मिळते की नाही हा नसून, ते मिळाल्यावर जीव कोठे जातो हा आहे. देवतेचे फळ घेतले की जीव तिच्या चक्रात आणखी गुंतला. संकटातली धडपड, वैद्याचे औषध, शेतीचे कष्ट हे प्रपंचाचे उपाय आहेत. ते करण्यास अनन्यता आड येत नाही. अनन्यता आड येते ती अन्य ठिकाणी फळासाठी पदर पसरण्याला.

आणि ज्याने संन्यास घेतला त्यालाही हा विवेक सुटलेला नाही. घरदार, शेतीवाडी सोडली म्हणजे फळाची आस सुटली, असे होत नाही. मान मिळावा, आपल्या निरूपणाला लोक जमावेत, आपले तप इतरांच्या दृष्टीस पडावे, ही देखील फळेच आहेत. ती झाडावर लटकताना दिसत नाहीत म्हणून अधिक फसवी. अटन, भिक्षा, विजन आणि स्मरण यांचा आचार या सूक्ष्म फळांना खत मिळू नये म्हणूनही आहे.

तेव्हा सूत्र वाचताना अथवा निरूपण ऐकताना ‘फळ’ शब्द आला की साधकाने तेथे क्षणभर थांबावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. हे फळ देणारा कोण, देवता की परमेश्वर? हे फळ सरणारे की न सरणारे? आणि याच्या पोटी पुढच्या जन्माचे बीज आहे की नाही? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली की शब्द कोणत्या अर्थाने आला आहे ते सहज कळते. उत्तरे मिळाली नाहीत तर प्रकरण पाहावे, आणि तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर अधिकरणांना दंडवत करून विचारावे.

झाडाचे फळ हातात आले तर ते भक्तिभावाने परमेश्वराला अर्पण करावे. कर्माचे फळ वाट्याला आले तर ते धैर्याने भोगून सारावे, आणि भोगताना नवी वासना धरू नये. देवताफळाची आठवण झाली तर त्याचा अंतही त्याच क्षणी आठवावा. आणि परमेश्वरापाशी काही मागावेसे वाटले तर त्याचे स्मरण न सुटावे एवढेच मागावे. कारण त्या मागण्याला गळणारे फळ लागत नाही.